मधल्या आळीत नारळाला थांबा

रविवारी सकाळी साडेदहा वाजता नांदोळी गावच्या मानाच्या नारळाची मिरवणूक देवळातून निघाली आणि चार सेकंदांत समुद्रावर पोहोचली. वाटेत वरली आळी लागली, बंदर आळी लागली. मधली आळीही लागली असावी. पण त्या वृत्ताला मधल्या आळीतून दुजोरा मिळू शकला नाही.

ही मिरवणूक मोबाइलच्या पडद्यावरची होती. खरी निघायला अजून अवकाश होता. ती नारळी पौर्णिमेला निघते. पण गावची निम्मी माणसं हल्ली त्या दिवशी गावात नसतात. कुणाची बोईसरच्या कारखान्यात दिवसपाळी असते, कुणी जहाजावर असतो, कुणी लग्न करून सुरतेला गेलेली असते. त्यांना बसल्या जागी मिरवणूक दिसावी म्हणून उत्सव मंडळाने एक वेबपान करायचं ठरवलं आणि ते काम माझ्यावर सोपवलं.

मी पालघरला एका दैनिकाचा वार्ताहर आहे. बातमी वेळेत आणि बरोबर देणं एवढंच मला येतं. गेल्या वर्षी आमच्या दैनिकाने सगळ्या वार्ताहरांना वेबपान बनवायचं शिक्षण सक्तीचं केलं. मी ते मोबाइलवर, जेवताना, पूर्ण केलं. प्रमाणपत्र आलं. ते माझ्या बायकोने, सुलूने, माहेरच्या ग्रुपवर टाकलं. इथून पुढे जे घडलं ते सगळं त्या एका कृतीचं फळ आहे.

पान साधं होतं. वर देऊळ, खाली समुद्र, मध्ये तीन आळ्या आणि त्यांतून जाणारा सोनेरी कागद लावलेला नारळ. पानाची सजावट ज्या भाषेत लिहितात, त्या सीएसएसमध्ये वस्तू हलवणं फार अवघड नाही. कुठून निघायचं, कुठे पोहोचायचं आणि किती वेळात, एवढं सांगायचं. मी देऊळ, समुद्र आणि चार सेकंद असं सांगितलं. कसं जायचं ते सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टी ब्राउझर स्वतःच्या मनाने करतो, आणि त्याचं मन असं आहे की वस्तूने जरा दम घेऊन निघावं, मध्ये पळावं आणि शेवटी रेंगाळत थांबावं. या चालीला ‘ईझ’ म्हणतात. जगभरच्या डिझाइनरांना ती डोळ्यांना सुखद वाटते. जगभरच्या डिझाइनरांची सासरवाडी नांदोळीच्या मधल्या आळीत नाही.

माझी आहे. मी जन्माने वरल्या आळीचा आणि लग्नाने मधल्या आळीचा. त्यामुळे गावात कुठलाही वाद निघाला की मी दोन्ही बाजूंनी पक्षपाती असतो.

पहिला फोन अर्थातच सुलूच्या मोठ्या भावाचा, बळवंतदादाचा. मधल्या आळीत त्याचा शब्द चालतो, आणि मानाचा नारळ खाडीच्या तोंडापर्यंत नेण्याचा मान त्याच्याच होडीला आहे.

“भावोजी, नारळ बघितला.”

“कसा वाटला, दादा?”

“बघितला म्हंजे काय, दिसलाच नाय. देवळात दिसला, समुद्रावर दिसला. मधी बायको म्हणाली गेला गेला, तोवर गेला. आमच्या आळीची तुमी उमरोळी केलीत.”

हा वार वर्मी लागला. पालघर आणि बोईसर या दोन स्टेशनांच्या मध्ये उमरोळी आहे. लांबची गाडी पालघरला थांबते, बोईसरला थांबते. उमरोळीच्या फलाटावरच्या माणसाला तिचा फक्त वारा मिळतो.

“दादा, ते मी मुद्दाम नाही केलेलं. ते आपोआप तसं होतं.”

“आमचा मान नेहमी आपोआपच जातो, भावोजी. मुद्दाम कोण घालवतो?”

मग बळवंतदादाने निकाल दिला. तो असा: पडद्यावर मधल्या आळीत नारळ थांबत नसेल, तर पौर्णिमेला त्याची होडी बंदरातून हलणार नाही.

ज्यांनी आमचा किनारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी या धमकीचं वजन सांगितलं पाहिजे. मानाचा नारळ समुद्राला दिल्याशिवाय नांदोळीची एकही होडी मासेमारीला जात नाही. पावसाळ्यातली सरकारी बंदी उठली असली तरी जात नाही. जाळी विणून तयार होती, इंजिनांना तेलपाणी झालं होतं, बर्फाची गाडी सांगून ठेवली होती. पावसाळाभर घरी बसून कंटाळलेले खलाशी एकमेकांशी भांडून झाल्यावर आता बायकांशी भांडू लागले होते. हे सगळं गाव बळवंतदादाच्या होडीवर अडलं होतं, आणि ती होडी माझ्या चार सेकंदांवर.

“दादाला दुखावलंत,” सुलू म्हणाली.

“मी नाही. ब्राउझरने.”

“ब्राउझर राखी बांधून घ्यायला येत नाही आपल्याकडे. दादा येतो. त्याच दिवशी.”

मी शांतपणे विचार केला. नारळ वेगाने जातोय अशी तक्रार आहे, तर वेळ वाढवावा. मी चाराचे वीस सेकंद केले. मला वाटलं, झालं. झालं नव्हतं. वेळ वाढवला तरी प्रमाण तेच राहतं. आता नारळ देवळापाशी रेंगाळायचा, समुद्रापाशी तर चहा घेत असल्यासारखा रेंगाळायचा, आणि मधल्या आळीतून तरीही इतरांपेक्षा जोरात जायचा. पूर्वी अपमान झटकन व्हायचा. आता तो सविस्तर होऊ लागला.

बोईसरच्या बाजारात जमनामावशी भेटली. ती बंदर आळीची. समोर सुक्या बोंबलांचे वाटे मांडून बसली होती, आणि तिने मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. 

“ए पेपरवाल्या! तुझा नारळ लावला नि चुलीवर भात ठेवला. भात झाला, नारळ अजून येतोच हाय.”

“मावशी, तुमच्या आळीत तो सावकाश येतो. मान आहे तो.”

“मान कसला? लंगडतो तो. बळवंता तर सांगत फिरतोय, तुजा नारळ त्याच्या दारात पळतो नि आमच्या दारात लोळतो. सगळ्यांना सारखा चालव की. तुज्या बापाचं काय जातं?”

हे तर फार सोपं होतं. सारख्या वेगाची चाल असते. तिला ‘लिनिअर’ म्हणतात. तिच्यात कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मी ती त्याच संध्याकाळी लावली आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तिन्ही आळ्यांना समान न्याय.’ समान न्याय मिळाल्यावर तिन्ही आळ्या समान चिडल्या.

मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकनाना तारापूरच्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेले, वरल्या आळीचे, माझ्याच घराच्या समोरचे. ते स्वतः घरी आले. बसले. पाणी प्यायले.

“केदार, देव निघताना झटका बसला.”

“कुणाला?”

“देवाला. नारळ देवळातून निघतो तो एकदम त्याच वेगात निघतो. आधी हळू, मग जरा जोरात, असं काही नाही. बटण दाबलं की पट्ट्यावरचा डबा सुटतो तसा सुटतो. आपण मिरवणूक काढतोय की बोईसरला औषधाच्या बाटल्या भरतोय?”

त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. खरी वस्तू अशी सुटत नाही. आणि दुसऱ्या टोकाची तक्रार जमनामावशीने फोनवर नोंदवली: “समुद्रावर जाऊन थाडकन उभा ऱ्हातो. समुद्राला भिंत बांदलीस का काय तू?” मधल्या आळीचं म्हणणं सर्वांत लहान होतं. बळवंतदादाने ग्रुपवर फक्त उमरोळी स्टेशनच्या पाटीचा फोटो टाकला. त्याला बेचाळीस अंगठे आले. त्यातला एक सुलूचा होता.

मग कुणीतरी सुचवलं की पालखी कशी पावलापावलाने जाते, तसा नारळ न्यावा. मला आनंद झाला, कारण ‘स्टेप्स’ नावाची एक चाल असते. माणसं पाऊल टाकतात तेव्हा दोन पावलांच्या मधल्या जागेतूनही जातात, हे त्या चालीला ठाऊक नसतं. नारळ देवळापाशी दिसायचा, नाहीसा व्हायचा, वरल्या आळीच्या टोकाला उगवायचा, नाहीसा व्हायचा, बंदर आळीत उगवायचा. मधली आळी दोन उगवण्यांच्या मध्ये पडली. ‘बेडूक हाय का?’ एवढाच निरोप मावशीने पाठवला. ती चाल मी चहा निवायच्या आत काढून टाकली. पण तेवढ्यात बघणाऱ्यांनी बघितली होती. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देता येतो. सासरवाडीत खुलासा छापायला जागा नसते.

याच सुमारास एक गंभीर घटना घडली. पुंडलिकनानांच्या मोबाइलवर नारळ हलेचना.

काही माणसांना पडद्यावरच्या हालचालीने चक्कर येते. ती मोबाइलमध्ये तसं सांगून ठेवतात, आणि अशांसाठी पानाने वस्तू हलवू नये, असा या धंद्यातला सभ्य संकेत आहे. मी तो पाळला होता. नानांना चक्कर येते म्हणून त्यांच्या सुनेने कधीतरी मोबाइलमध्ये ती सोय करून दिली होती, हे ना नानांना आठवत होतं, ना मला माहीत होतं. नानांनी पान उघडलं. नारळ देवळात. त्यांनी वाट बघितली. नारळ देवळात. त्यांनी मोबाइल हलवला, हात जोडले, चप्पल काढून पुन्हा बघितलं.

वरल्या आळीत बातमी पसरली की देव नारळाला सोडत नाही. मधल्या आळीत ती पोहोचेपर्यंत तिचं स्वरूप बदललं होतं: नानांनी केदारला सांगून नारळ वरल्या आळीतच अडकवून ठेवला. बळवंतदादाचा फोन आला नाही. तो रागाच्या पुढच्या पायरीवर गेला होता. त्याने होडीवर ताडपत्री टाकली.

“ताडपत्री?” मी सुलूला विचारलं.

“बांधली पण,” ती म्हणाली. “घट्ट.”

मी नानांच्या घरी जाऊन मोबाइलमधली ती सोय बंद केली. नारळ हलला. नानांना चक्कर आली. पण चेहऱ्यावर समाधान होतं.

आता मी अर्धवट उपाय सोडून मुळाशी गेलो. सीएसएसमध्ये प्रवासाचे टप्पे पाडता येतात. शंभर टक्के प्रवास धरायचा आणि अमुक टक्क्याला वस्तू इथे, तमुक टक्क्याला तिथे असं लिहायचं. दोन टक्क्यांना एकच जागा दिली की वस्तू तेवढा वेळ तिथे उभी राहते. आणि यातली खरी गंमत अशी की चाल प्रत्येक टप्प्याला नव्याने लागू होते. म्हणजे नारळ प्रत्येक आळीत सावकाश शिरेल, थांबेल, ओवाळून घेईल आणि सावकाश निघेल. पळायचं ते दोन आळ्यांच्या मध्ये, जिथे कुणाचंच घर नाही, नुसता सार्वजनिक नळ आहे. खऱ्या मिरवणुकीत अगदी असंच होतं. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो सभेपर्यंत टिकला.

सभा घ्यावी लागली, कारण ग्रामपंचायतीच्या अधिकृत पानावर आमच्या पानाची लिंक द्यायची तर ठराव हवा, असं ग्रामसेविका मेघाली मॅडमनी सांगितलं. मॅडम मूळच्या जव्हारकडच्या, कामात चोख. कोणतीही गोष्ट ठरावात बसली की ती त्यांना समजते.

“कुठल्या आळीत नारळ किती थांबणार, ते लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “एकक काय? मिनिटं?”

“टक्के,” मी म्हणालो.

टक्के हा शब्द मी उच्चारायला नको होता. पाणीपट्टीची वसुली, आरक्षण आणि बारावीचा निकाल सोडून टक्क्यांचा अनुभव आमच्या गावाला नाही, आणि तिन्ही ठिकाणी तो कडू आहे. बळवंतदादाने मधल्या आळीला चाळीस टक्के मागितले, मागची भरपाई धरून. नानांनी देवळाचा म्हणून वेगळा हिस्सा मागितला. जमनामावशी सभेला बोंबलाची टोपली घेऊन आली होती, तिने ती खाली ठेवून विचारलं, “आमी शेवटी हाव. सगळे आपापलं घेतील, मग आमाला उरलेलं का?”

“पण एकूण शंभरच असतात,” मी म्हणालो.

“मग वाढवा,” बळवंतदादा म्हणाला.

“वाढत नाहीत, दादा.”

“सगळ्या गावाला पुरत नाय ते शंभर ठेवायचे कशाला?”

मेघाली मॅडमनी नोंद केली: ‘टक्के अपुरे असल्याबाबत चर्चा झाली.’

शेवटी तिघांना समान थांबा ठरला. पण आता मान थांब्यात नव्हता. निघण्यात आणि पोहोचण्यात होता. बळवंतदादाने अट घातली की खाली समुद्र मोठा काढायचा आणि त्यात त्याची होडी स्पष्ट दिसली पाहिजे, नावासकट. आणि मावशीने शेवटच्या टप्प्याबद्दल, बंदर आळीतून समुद्राकडे जाण्याबद्दल, आपली तक्रार पुन्हा मांडली.

“नारळ असा घरंगळत जातो का? नारळ फेकतात. फेकताना हात कुठं जातो? आदी मागं जातो.” तिने टोपलीतला एक बोंबील उचलला, हात मागे नेला, आणि सभा दोन्ही बाजूंना सरकली. “मग पुडं. समजलं?”

समजलं. आणि आनंदाची गोष्ट अशी की तशी चाल करता येते. चाल चार आकड्यांनी घडवतात. दोरीची दोन टोकं दोघांनी धरावीत आणि मधला झोळ कुठे किती पडेल ते ठरवावं, तसं. त्यातला एक आकडा शून्याच्या खाली नेला की वस्तू आधी थोडी मागे जाते आणि मग झेप घेते. मी तो आकडा जमवला. नारळ मुठीएवढा मागे गेला आणि सुरेख झेपावला. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. सुलूनेही बघितला. ती म्हणाली, “हा खरा वाटतो.” बारा वर्षांत माझ्या एकाही बातमीबद्दल ती असं म्हणालेली नाही.

त्यानंतर मी बळवंतदादाचा समुद्र मोठा केला. चांगला मोठा. अर्धा पडदा समुद्र, त्यात होडी, होडीवर नाव. नारळ पुन्हा तपासला नाही. चाल तीच होती, आकडे तेच होते. बदलला होता फक्त समुद्र. समुद्राचा चालीशी काय संबंध, असं मला वाटलं. तपासलेलं पान छपाईला जाताना कुणी त्यात फोटो मोठा करत नाही, हा नियम मी कार्यालयात सगळ्यांना सांगत असतो.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात पान पडद्यावर दाखवायचं ठरलं. प्रोजेक्टर बोईसरहून आला आणि त्याच्यासोबत तो चालवणारा एक उत्साही माणूस. तिन्ही आळ्या आपापल्या बाजूला बसल्या. बळवंतदादा हाताची घडी घालून अगदी पुढे. होडीवरची ताडपत्री अजून बांधलेलीच होती. सोडायची की नाही, ते हा पडदा बघून ठरणार होतं.

नारळ देवळातून निघाला. सावकाश, झटका नाही. नानांनी मान डोलावली. वरल्या आळीत तो थांबला. एका बाईने खरोखर आरती ओवाळली. मग तो नळावरून पुढे आला, मधल्या आळीच्या तोंडाशी मंद झाला आणि थांबला. बळवंतदादाची घडी सुटली.

तेवढ्यात नारळ देवळात परत गेला.

“साब, हँग हो गया था,” प्रोजेक्टरवाला म्हणाला. “मैंने रिफ्रेश मार दिया.”

“हँग नहीं हुआ, रुका है! उसको उधर रुकना है!”

“क्यूँ?”

हा प्रश्न त्याने चारशे लोकांसमोर विचारला, आणि त्यातल्या सव्वाशे लोकांनी तो मनाला लावून घेतला. नारळ पुन्हा निघाला. वरल्या आळीत थांबला. मधल्या आळीत आला, थांबला, आणि प्रोजेक्टरवाल्याचा हात सवयीने गेला. तिसऱ्या वेळी मी त्याचा हात धरून उभा राहिलो. पत्रकाराने घटनेत हस्तक्षेप करू नये, हे तत्त्व मला मान्य आहे.

मधल्या आळीत नारळ पुरता थांबला. बायकांनी ओवाळलं. तो बंदर आळीत गेला, थांबला, मावशीने टोपलीसकट नमस्कार केला. आता शेवटची झेप. नारळ मागे झुकला.

आणि मागे जातच राहिला.

मागे जाण्याचं अंतर पुढे जाण्याच्या अंतराच्या प्रमाणात असतं. समुद्र लहान होता तेव्हा नारळ मुठीएवढा मागे जायचा. समुद्र अर्धा पडदा झाला, तर नारळ बंदर आळीतून निघाला, नळ ओलांडला, मधल्या आळीच्या तोंडाशी आला, तिथे क्षणभर टेकला, आणि मग सगळी ताकद लावून समुद्रात, थेट बळवंतदादाच्या होडीत जाऊन पडला.

नारळ एकदा पुढे गेला की मागे फिरत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. नाना अर्धे उठले आणि तसेच राहिले. मला बळवंतदादाची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ मी बारा वर्षं ओळखतो. त्या पाठीवर मला ताडपत्री दिसू लागली.

“परत आला,” बळवंतदादा म्हणाला.

नाना पुन्हा खाली बसले.

“बंदरावर पोचलेला नारळ आमच्या आळीसाठी परत आला.” तो वळला. त्याचे डोळे भरले होते. “भावोजी, एवढं मनावर घेतलंत तुमी?”

“विसरलेल्यांना घ्यायला देव परत येतो,” मागून जमनामावशी म्हणाली. “त्यात काय एवडं? मी पण पिशवी विसरली की येते.”

मी तोंड उघडलं. शून्याखालचा आकडा, अंतराचं प्रमाण, समुद्राचा वाढलेला आकार हे सगळं माझ्या जिभेवर होतं. वाचकाला खरं काय ते कळलं पाहिजे, यावर माझी श्रद्धा आहे. सुलूने माझ्या पायावर पाय ठेवला आणि भार दिला.

“हो, दादा,” मी म्हणालो.

मधली आळी उठून नाचायला लागली. मग बंदर आळी, मग वरली. नाना नाचले आणि त्यांना चक्कर आली. प्रोजेक्टरवाल्याला कुणीतरी खांद्यावर घेतलं. बळवंतदादा तसाच बंदराकडे गेला, आणि थोड्या वेळाने दोघेजण ताडपत्रीची घडी घेऊन परत येताना दिसले.

इथे मी बातमी संपवली असती. पण मेघाली मॅडम अजून बसल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, “मग उद्या खराही असाच जाणार ना? म्हणजे पान आणि कार्यक्रम जुळायला हवा. ठरावात तसं आहे.”

“अलबत!” बळवंतदादा म्हणाला.

“म्हंजे आमची आळी आता नुसता वळायचा नाका का?” मावशीने विचारलं. ढोल वाजत असल्यामुळे त्याचं उत्तर शोधायची गरज त्या संध्याकाळी कुणाला पडली नाही.

आज पौर्णिमा. मी हे बंदराच्या धक्क्यावर बसून मोबाइलवर लिहितो आहे. मनगटावर दोन राख्या आहेत. सकाळी नारळ देवळातून सावकाश निघाला. वरल्या आळीत थांबला, मधल्या आळीत थांबला, बंदर आळीत थांबला. समोर पन्नास पावलांवर बळवंतदादाची होडी इंजिन चालू करून उभी होती, खाडीला होड्या बाहेर पडण्यापुरतं भरतीचं पाणी होतं, आणि त्या होडीच्या मागे गावच्या साऱ्या होड्या झेंडे लावून तयार होत्या. तिथे नारळ ठरल्याप्रमाणे मागे वळला आणि मधल्या आळीकडे गेला.

तो क्षणभर टेकून परत यायचा होता. इथून ढोल ऐकू येतो आहे. मघाशी सुलूचा फोन आला. तिला काय म्हणायचं होतं ते गजरात कळलं नाही, पण ती हसत होती. सुकाणूवर असायला हवा तो बळवंतदादा नारळासमोर नाचतो आहे, असं वरल्या आळीची सूत्रं सांगतात. बंदर आळीच्या बायका दुसऱ्यांदा आरत्या लावून आपल्या आळीच्या तोंडाशी उभ्या आहेत. जमनामावशी त्यांच्या पुढे आहे. नारळ पुन्हा आला की तो इथून न थांबता जाऊ देणार नाही, असं तिने मला छापायला सांगितलं आहे.

धक्क्याची सर्वांत खालची पायरी आत्ता उघडी पडली. ओहोटी लागली आहे. नारळ मधल्या आळीत आहे.